कंपन्यांच्या संचालक मंडळांत स्त्रिया

आमच्या शाळेंत वह्या, पेन्सिली, कंपासपेट्या इत्यादि वस्तु विकण्याकरितां विद्यार्थ्यांचें एक सहकारी भांडार आहे. गेल्या वर्षीं त्याच्या पंचमंडळाची निवड झाली तेव्हां पांचहि जागा मुलग्यांकडे गेल्या. यांत कोणीं कांहीं कपट केलें असें नव्हे. ज्यानें त्यानें आपल्या बाकावरील मित्राचें नांव सुचविलें, आणि वर्गांत मुलगे मुलग्यांशेजारीं बसतात, इतकेंच. हें बरें दिसत नाहीं असें वाटून आम्हीं एका मुलीस सहावी पंच म्हणून घ्यावयास लावलें, आणि पहिल्याच सभेंत तिला सांगितलें, "तुझें अक्षर सुंदर आहे, तूं इतिवृत्त लिहीत जा." तिनें तें मन लावून लिहिलें. दिवाळीपूर्वीं हिशेब पुढें आला तेव्हां तिनें वहींतून मान वर करून विचारलें, "शंभर वह्या आणल्या, ब्याण्णव विकल्या, तीन शिल्लक आहेत, मग पांच वह्या कोठें गेल्या?" कोणी कांहीं बोललें नाहीं. अध्यक्षांनीं पुढचा विषय घेतला. तिनें आपला प्रश्न इतिवृत्तांत लिहिला व त्यापुढें उत्तरापुरती जागा कोरी ठेवली.

ती कोरी जागा आमच्या डोळ्यांपुढून हलेना. ज्या मंडळांच्या हातीं पांच वह्या नसून शेंकडों कोटि रुपये असतात, तेथें हाच प्रकार कसा घडतो व तो बदलण्याकरितां देशोदेशीं काय केलें गेलें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

कंपनी म्हणजे अनेकांनीं थोडथोडें भांडवल घालून काढलेला धंदा. ज्यांनीं भांडवल घातलें ते भागधारक. मोठ्या कंपनींत ते हजारोंनीं, कधीं लाखोंनीं असतात. इतक्या माणसांनीं मिळून कारभार पाहणें शक्य नाहीं. म्हणून वार्षिक सभेंत ते कांहीं मोजक्या व्यक्तींस आपल्या वतीनें निवडतात. त्यांस संचालक किंवा डायरेक्टर म्हणतात, व त्यांच्या मंडळास बोर्ड. कंपनीचा मुख्य अधिकारी नेमणें व तो नालायक ठरल्यास त्यास दूर करणें, कर्ज केवढें काढावें हें ठरविणें, दुसरी एखादी कंपनी विकत घ्यावी कीं नाहीं याचा निर्णय करणें, वर्षाचा ताळेबंद पारखून मान्य करणें, हीं या मंडळाचीं कामें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील ज्या कारखान्यांत काम करतात तो चालेल कीं बंद पडेल, आजोबांचें पेन्शन ज्या बँकेंत जमा होतें तेथील पैसा सुरक्षित राहील कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं अशा दहा-बारा व्यक्तींच्या शहाणपणावर अवलंबून असतें.

या संचालकांपैकीं कांहीं कंपनींतच नोकरीस असतात, कांहीं मालक-घराण्यांतील असतात, आणि कांहीं अगदीं बाहेरचे असतात. ज्यांचा मालकांशीं नात्याचा अथवा पैशाच्या देवघेवीचा संबंध नाहीं, त्यांस स्वतंत्र संचालक म्हणतात. घरांतील कर्त्या पुरुषास "हें शेत गहाण कां टाकतोस?" असें तोंडावर विचारणारें एखादें वडीलधारें माणूस असतें ना, तसें यांचें काम. धंद्याचें ज्ञान पाहिजेच, पण त्याहून अधिक म्हणजे विचारण्याची छाती पाहिजे.

आतां या व्यक्ति निवडतो कोण? कायद्यानें भागधारक निवडतात, हें खरें. परंतु नांवें बहुधा खुर्चीवर बसलेलेच सुचवितात, आणि सभा हात वर करून मोकळी होते. माणूस नांव सुचवितो तें ओळखीच्या माणसाचें. महाविद्यालयांतील सोबत्याचें, जिमखान्यावरील भिडूचें, जुन्या कचेरींतील सहकाऱ्याचें. त्यामुळें पुरुषांनीं भरलेलें मंडळ वर्षानुवर्षें पुरुषांनींच भरत राहिलें. स्त्रियांस मनाई करणारी पाटी कोणत्याहि दारावर नव्हती; ती नव्हती म्हणूनच कोणास ती काढतांहि येईना.

अपवाद होते. मुंबईच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा कारभार सुमतिबाई मोरारजी यांनीं पाहिला, आणि १९५६ सालीं त्या भारतीय जहाजमालकांच्या संघाच्या अध्यक्ष झाल्या. जहाजांचा धंदा म्हणजे त्या काळीं सर्वस्वीं पुरुषांचें राज्य. त्यांत त्यांनीं जें कर्तृत्व दाखविलें तें त्यांचें स्वतःचें. परंतु त्या दारापर्यंत त्या पोंचल्या त्या कंपनीच्या संस्थापकांपैकीं एकाच्या घरीं सून म्हणून आल्यामुळें, हेंहि खरें. तितक्याच बुद्धीची, पण त्या घरीं न पडलेली मुलगी कोठवर गेली असती, याचा विचार वाचकांनींच करावा.

हें कोडें कायद्यानें सोडविण्याचा पहिला मोठा प्रयत्न नॉर्वे देशांत झाला. तेथें स्त्रिया शिकलेल्या होत्या, नोकऱ्या करीत होत्या, राज्यकारभारांतहि पुढें होत्या. ग्रो हार्लेम ब्रुंटलांड या बाई १९८१ सालींच पंतप्रधान झाल्या होत्या. तरी २००२ सालीं मोठ्या कंपन्यांच्या बोर्डांवर शंभरांत सुमारें सहाच स्त्रिया होत्या. मौज ही कीं, याविरुद्ध हत्यार उपसलें तें एखाद्या चळवळ्या पक्षानें नव्हे, तर पुराणमतवादी पक्षाच्या आन्सगार गॅब्रिएल्सन नांवाच्या मंत्र्यानें. ते व्यापार-उद्योग खात्याचे मंत्री. २००२ च्या फेब्रुवारींत त्यांनीं एका वर्तमानपत्रास मुलाखत देऊन टाकली, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांच्या स्वपक्षीयांनाहि ती वाचून घाम फुटला असावा. डिसेंबर २००३ मध्यें कायदा झाला. मोठ्या सार्वजनिक कंपन्यांच्या मंडळांत पुरुष असोत कीं स्त्रिया, दोघांपैकीं कोणीहि ४० टक्क्यांहून कमी असूं नये. नऊ जणांचें मंडळ असेल तर त्यांत निदान चार स्त्रिया व निदान चार पुरुष पाहिजेत. कायदा एकट्या स्त्रियांचा कैवार घेत नाहीं, हें यावरून ध्यानीं येईल.

प्रथम सरकारनें कंपन्यांस सांगितलें कीं, जुलै २००५ पर्यंत तुम्ही आपण होऊन हें साधलेंत तर सक्ति करणार नाहीं. तें साधलें नाहीं. तेव्हां १ जानेवारी २००६ पासून नियम सक्तीचा झाला व जुन्या कंपन्यांस दोन वर्षांची मुदत मिळाली. त्यानंतरची शिक्षा दंडाची नव्हती. कंपनीच विसर्जित करण्याची होती. "लायक स्त्रिया आणावयाच्या कोठून?" अशी ओरड झाली. मालकांच्या संघानें मात्र ओरडीबरोबर कामहि केलें. २००३ सालींच होतकरू स्त्रियांस बोर्डाच्या कामाचें शिक्षण देणारा वर्ग त्यानें सुरू केला. २००८ सालीं चाळीस टक्क्यांचा आंकडा गांठला गेला. सहा वर्षांपूर्वीं ज्या स्त्रिया सांपडत नव्हत्या त्या सांपडल्या. शोधणारास दंड्याचा धाक असला म्हणजे दृष्टि कशी सुधारते पहा!

पण नॉर्वेची गोष्ट एवढ्यावर संपवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कांहीं कंपन्यांनीं आपलें कायदेशीर रूपच बदललें. कांहींनीं इतर कारणांसाठीं, कांहींनीं हा नियम चुकविण्यासाठीं. थोड्या प्रसिद्ध स्त्रियांनाच अनेक मंडळांचीं आमंत्रणें आलीं. त्यांस लोक थट्टेनें 'सोनेरी स्कर्टवाल्या' म्हणूं लागले. (एकाच वेळीं अनेक बोर्डांवर बसणाऱ्या पुरुषांच्या पाटलोणीस कोणी कधीं असें विशेषण लावल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.) आणि मुख्य म्हणजे, बोर्डाच्या खालच्या पायऱ्यांवर काम करणाऱ्या स्त्रियांची स्थिति पहिल्या कांहीं वर्षांत फारशी सुधारली नाहीं, कंपन्यांचे मुख्य अधिकारीहि बहुतेक पुरुषच राहिले, असें अभ्यासकांस आढळलें. वरच्या मजल्यावरचा दिवा लावला म्हणून जिना आपोआप उजळत नाहीं.

पुढें फ्रान्सनें २०११ सालीं असाच कायदा केला. इंग्लंडनें सक्ति टाळून उपदेशाचा मार्ग धरला; त्याच वर्षीं तेथील एका सरकारी अहवालानें पहिल्या शंभर कंपन्यांस २०१५ पर्यंत पंचवीस टक्क्यांचें लक्ष्य घालून दिलें, व तें गांठलेंहि गेलें. यूरोपीय संघानें २०२२ सालीं आपल्या सर्व सभासद राष्ट्रांकरितां नियम करून ३० जून २०२६ ही मुदत ठरविली.

आपल्या देशांत हा विषय आला तो २०१३ च्या कंपनी कायद्यानें. त्याच्या १४९ व्या कलमांत व पुढील वर्षीं झालेल्या नियमांत असें ठरलें कीं, ज्यांचे शेअर बाजारांत विकले जातात अशा सर्व कंपन्यांच्या, तसेंच ज्यांचें वसूल भांडवल १०० कोटि रुपये किंवा उलाढाल ३०० कोटि रुपये वा अधिक आहे अशा इतर सार्वजनिक कंपन्यांच्या मंडळांत निदान एक स्त्री असावी. एक! नॉर्वेच्या चाळीस टक्क्यांपुढें हें फारच थोडें. पण शून्याहून अधिक. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनें आरंभीं १ ऑक्टोबर २०१४ ही तारीख दिली होती, ती पुढें १ एप्रिल २०१५ पर्यंत वाढविली. उशीर करणारास प्रथम ५०,००० रुपये दंड, आणि ऑक्टोबर २०१५ उजाडला तरी न ऐकणारास १,४२,००० रुपये व शिवाय प्रत्येक दिवसास ५,००० रुपये, असा दर ठरला.

मुदत जवळ आली तेव्हां पुष्कळ मालकांनीं बाहेर शोध करण्याऐवजीं घरांत पाहिलें. कोणाची पत्नी, कोणाची बहीण, कोणाची सून बोर्डावर आली. त्यांपैकीं कित्येकजणी शिकलेल्या व धंद्याची उत्तम जाण असलेल्या होत्या, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या खुर्चीवर बसून मालकास प्रश्न विचारावयाचे त्या खुर्चीवर मालकाच्याच घरचें माणूस बसलें, तर कायद्याचें अक्षर पाळलें जातें व हेतु बाहेर उभा राहतो.

आमच्या खेड्यांतील वाचकांस हें नवें वाटणार नाहीं. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें १९९३ पासून ग्रामपंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांस मिळाल्या, व महाराष्ट्रानें २०११ सालीं त्या निम्म्या केल्या. सरपंचबाई खुर्चीवर, आणि कागद पाहणारे त्यांचे यजमान शेजारच्या खुर्चीवर, हें दृश्य अनेकांनीं पाहिलें आहे. पण दुसरें दृश्यहि पाहिलें आहे. पहिल्या वर्षीं पदर सांवरून गप्प बसणारी बाई तिसऱ्या वर्षीं ग्रामसेवकास "पाण्याच्या टाकीचें बिल पुनः वाचा" असें सांगते. खुर्ची माणसास शिकविते. मात्र तिच्यावर प्रत्यक्ष बसूं दिलें पाहिजे.

कंपन्यांच्या बाबतींत ही पळवाट बुजविण्याचें काम पुढें झालें. २०१७ सालीं उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सुचविलें कीं, मंडळांतील निदान एक स्त्री स्वतंत्र संचालक असावी, म्हणजे मालकांच्या नात्यांतील नसावी. सेबीनें तें मान्य करून सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांस १ एप्रिल २०१९ पासून, व १,००० कंपन्यांस १ एप्रिल २०२० पासून तसा नियम लागू केला.

येथें एक सावध विचार सांगणें अवश्य आहे. स्त्री बोर्डावर आली म्हणजे लबाडी थांबते, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्यूटर कंपनीचें उदाहरण घ्या. १६ डिसेंबर २००८ रोजीं तिच्या मंडळानें अध्यक्षांच्या कुटुंबाशीं संबंध असलेल्या दोन कंपन्या १६० कोटि डॉलरांस विकत घेण्यास संमति दिली. भागधारकांनीं इतका गहजब केला कीं, कांहीं तासांतच बेत मागें घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजीं अध्यक्षांनींच पत्र लिहून कबूल केलें कीं, हिशेब वर्षानुवर्षें खोटे होते. तफावत ७,००० कोटि रुपयांहून अधिक होती. त्या मंडळांत परदेशच्या नामांकित विद्यापीठाचे प्राध्यापक होते, केंद्र सरकारचे माजी उच्च सचिव होते, एका व्यवस्थापन विद्यालयाचे प्रमुख होते, आणि एक विदुषीहि होत्या. इतक्या विद्वत्तेस तो बेत हाणून पाडतां आला नाहीं. तो पाडला बाहेरच्या भागधारकांनीं.

मग स्त्रियांच्या असण्यानें काय साधतें? उत्तर अमेरिकेंतील तीन विदुषींनीं पन्नास संचालिकांस भेटून २००६ सालीं एक अहवाल लिहिला. त्यांस आढळलें तें असें: मंडळांत एकच स्त्री असली तर ती बोलते तेव्हां 'स्त्रियांचें मत' म्हणून ऐकलें जातें व बाजूस ठेवलें जातें, तीन असल्या म्हणजे त्यांच्याकडे स्त्री म्हणून कोणी पाहत नाहीं, बोलणें तेवढें ऐकलें जातें. आम्हांस हें पटतें. सत्यमच्या मंडळांत सर्वजण एकमेकांस फार आदराने वागवीत असावेत. आणि अति आदराच्या सभेंत अडचणीचा प्रश्न विचारणें म्हणजे पंगतींत मीठ कमी आहे असें मोठ्यानें म्हणण्यासारखें आहे. निरनिराळ्या वाटांनीं आलेलीं माणसें एकत्र बसलीं म्हणजे निदान सर्वांची भीड एकाच ठिकाणीं अडत नाहीं.

स्त्रिया घेतल्यानें नफा वाढतो काय, यावर पंडितांत एकमत नाहीं. नॉर्वेंतील कायद्यामुळें कंपन्यांचें मोल घटलें असें कांहींनीं आंकड्यांनीं सिद्ध केलें. तेच आंकडे निराळ्या रीतीनें मांडून तसें कांहीं झालें नाहीं असें दुसऱ्यांनीं दाखविलें. आमच्या मतें हा प्रश्नच थोडा वांकडा आहे. इतकीं वर्षें पुरुष बसले, ते नफ्याची हमी देऊन बसले नव्हते. लायक माणसास केवळ ओळख नाहीं म्हणून दाराबाहेर ठेवूं नये, एवढें कारण पुरेसें आहे.

लायकीची गोष्ट निघाली म्हणून सातारा जिल्ह्यांतील म्हसवडची हकीकत सांगतों. माण तालुका कायम दुष्काळी. तेथें लग्नानंतर येऊन राहिलेल्या चेतनाताई गाला सिन्हा यांच्याकडे लोहारकाम करणारी एक बाई आली. पावसाळ्यापूर्वीं झोंपडीवर घालावयास प्लास्टिकचा कागद घ्यावा म्हणून तिला थोडथोडे पैसे सांठवावयाचे होते. इतक्या लहान रकमेचें खातें कोणतीहि बँक उघडीना. तेव्हां बायकांनीं मिळून स्वतःचीच बँक काढण्याचें ठरविलें. रिझर्व्ह बँकेनें पहिला अर्ज नाकारला; कारण अर्जदार स्त्रियांपैकीं अनेकींस लिहितां-वाचतां येत नव्हतें. चेतनाताईंस रडूं आलें. त्या बायका मात्र म्हणाल्या, रडतां कशास, आम्हांस शिकवा. दिवसभर राबून रात्रीं त्या अक्षरें गिरवूं लागल्या. कांहीं महिन्यांनीं त्यांतल्या पंधरा जणी अधिकाऱ्यांपुढें जाऊन उभ्या राहिल्या व म्हणाल्या कीं, लहानपणीं आमच्या गांवांत शाळा नव्हती हा आमचा दोष नव्हे. पण हिशेब आम्हांस येतो. कोणत्याहि रकमेचें व्याज विचारा, आम्ही तोंडीं सांगतों. आणि तुमच्या माणसांसहि यंत्राशिवाय करावयास लावा, पाहूं आधीं कोणाचें होतें. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँकेस परवाना मिळाला. स्त्रियांनीं चालविलेली ही बँक आज वित्तविषयक पुस्तकांतून व परिषदांतून दाखल्यादाखल सांगितली जाते.

"लायक स्त्रिया आणावयाच्या कोठून?" हें वाक्य आम्ही वाचतों तेव्हां या पंधरा जणी आठवतात. पालकांस आमची एक विनंति आहे. घरांत विम्याचे, बँकेचे, शेअरांचे कागद येतात तेव्हां बहुधा मुलास बोलावून दाखविले जातात, मुलीसहि त्याच वेळीं बोलवावें, आणि तिनें कांहीं विचारलें तर "तुला काय करायचंय?" असें म्हणूं नये. ताळेबंद वाचणें कठीण नाहीं. डावी बाजू व उजवी बाजू जुळते कीं नाहीं हें पाहणें व न जुळल्यास कां, हें विचारणें, हा त्याचा प्रारंभ आहे.

आतां आमच्या भांडाराविषयीं. यंदा आम्हीं नियम बदलला. सहा पंचांत तीन मुली व तीन मुलगे. गेल्या वर्षीं इतिवृत्त लिहिणारी मुलगी आतां मालाची वही सांभाळते, आणि इतिवृत्त एक मुलगा लिहितो. त्याचें अक्षर लागत नाहीं अशी अध्यक्षबाईंची तक्रार आहे. पहिल्याच सभेंत तिनें जुनी वही उघडून ती कोरी जागा सर्वांपुढें ठेवली व पांच वह्यांचा शोध पुनः सुरू झाला. दोन वह्या कपाटामागें पडलेल्या सांपडल्या. एक आम्हींच टिपणें लिहिण्याकरितां नेली होती व तिचे पैसे द्यावयाचे राहिले होते. ते भरून आम्हीं पावती घेतली. उरलेल्या दोहोंचा पत्ता अद्याप लागलेला नाहीं, आणि तो विषय दर सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला असतो.